पॅरिसच्या आलिशान हॉटेलात पहिल्यांदा राहताय? मग हे आधी वाचा

युरोपला निघालेल्या मराठी माणसाचं हॉटेलबाबतचं गणित ठरलेलं असतं. दिवसभर फिरायचं, रात्री फक्त पाठ टेकायची, मग खोलीवर पैसे कशाला घालवायचे? गणित चोख आहे. तरी कधीतरी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस येतो, आईवडिलांची एकसष्टी येते, आणि घरात ठरतं की यंदा पॅरिसमध्ये एकदा तरी खऱ्याखुऱ्या नामांकित हॉटेलात राहायचंच. हा लेख अशा पहिलटकरांसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. अशा हॉटेलात आपण पैसे मोजतो ते मुख्यतः तिथल्या माणसांच्या सेवेचे. पलंग आणि संगमरवरी न्हाणीघर तुलनेने किरकोळ. त्यामुळे सकाळी आठला बाहेर पडून रात्री अकराला परतणारा पाहुणा, किंवा ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ म्हणून काही न मागणारा पाहुणा, पूर्ण बिल भरून अर्धंच हॉटेल वापरतो. आपला संकोच इथे फार महागात पडतो.

१. आधी दर्जा समजून घ्या

फ्रान्समध्ये हॉटेलचे तारे सरकारी निकषांवर मिळतात. ‘अतू फ्रान्स’ ही राष्ट्रीय पर्यटन संस्था ते देते आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी होते. पाचवा तारा तिथे आला तोच २००९ मध्ये. पंचतारांकित हॉटेलात दोघांच्या खोलीचं किमान क्षेत्रफळ २४ चौरस मीटर ठरलेलं आहे, म्हणजे जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे चौरस फूट. दुबई किंवा मुंबईतल्या पंचतारांकित खोल्या पाहिलेल्या माणसाला पॅरिसची खोली पहिल्या नजरेत लहानच वाटते. इमारती जुन्या, जागा मोक्याची, त्याला इलाज नाही.

पाच ताऱ्यांच्याही वर २०१० पासून ‘पॅलेस’ नावाचा वेगळा सन्मान आहे. इमारतीचा इतिहास, जागा, सेवा, जेवण हे सगळं बघून तो दिला जातो. पॅरिसमध्ये असा सन्मान मिळालेली डझनभर हॉटेलं आहेत. ल म्यूरिस, प्लाझा आतेने, ल ब्रिस्टॉल, जॉर्ज सँक, क्रियॉन, शांग्रि-ला, पेनिन्सुला, ल्यूतेसिया ही त्यांतली काही. गंमत म्हणजे ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं ते रिट्झ या यादीत नाही. म्हणून ते काही कमी ठरत नाही. सेझार रिट्झने १ जून १८९८ ला प्लास व्हाँदोम चौकात ते उघडलं, नामांकित शेफ ऑग्युस्त एस्कोफिएने स्वयंपाकघर सांभाळलं, आणि खोलीला लागून स्नानगृह ही कल्पना तिथून जगभर रुळली.

निवड करताना इन्स्टाग्रामवरच्या फोटोंपेक्षा नकाशा बघा. ल म्यूरिस त्युइलरी बागेच्या समोर आहे, लूव्र संग्रहालय चालत गाठता येतं. आईवडील सोबत असतील तर ही जागा सोन्यासारखी. क्रियॉन प्लास द ला काँकोर्दवर. इमारत १७५८ ची, हॉटेल १९०९ पासूनचं. प्लाझा आतेने अव्हेन्यू माँतेन्यवर, लाल छत्र्या आणि लाल जिरेनियमची फुलं असलेलं ते हेच. आजूबाजूला सगळी कपड्यांची महागडी दुकानं. शांग्रि-ला म्हणजे नेपोलियनच्या घराण्यातल्या रोलाँ बोनापार्तचा वाडा. आयफेल टॉवर खिडकीतून दिसावा अशी इच्छा असेल तर इथे किंवा आसपास पाहा. रात्री दर तासाला टॉवर पाच मिनिटं लुकलुकतो, ते पलंगावर बसून बघण्याची मजा वेगळीच. मात्र टॉवर दिसणाऱ्या खोल्या ठरावीकच असतात, त्यांचा दर वेगळा असतो, आणि बुकिंगमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो दिसणार नाही असंच समजा.

माझी स्वतःची पसंती ल्यूतेसिया. सीन नदीच्या डाव्या तीरावरचं ते एकमेव ‘पॅलेस’ आहे. १९१० साली बांधलेलं. नाझी छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांना १९४५ मध्ये याच इमारतीत आणलं गेलं. हरवलेल्या नातेवाइकांचे फोटो घेऊन लोक दाराशी उभे असत. आसपास पुस्तकांची दुकानं, बाजार, कॅफे. इथे हॉटेलबाहेर पाऊल टाकलं की पॅरिस लगेच लागतं, दागिन्यांच्या काचा नाही.

२. किती रात्री, आणि कधी

‘पॅलेस’ दर्जाच्या हॉटेलात सर्वांत साध्या खोलीचा दर साधारण दीड हजार युरोच्या आसपास सुरू होतो, हंगामात दोन हजारांच्या वर जातो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर एका रात्रीचे दीड ते दोन लाख. शिवाय पर्यटक कर वेगळा. ‘पॅलेस’मध्ये तो माणशी, दर रात्री सुमारे १५-१६ युरो पडतो, साध्या पंचतारांकितमध्ये ११ च्या आसपास, अठरा वर्षांखालच्यांना माफ. हॉटेलवरचा व्हॅट मात्र बहुतेक वेळा दरातच धरलेला असतो.

आकडा वाचून घाम फुटला असेल तर आता माझा सल्ला ऐका. सगळा मुक्काम तिथे करू नका. पॅरिसमध्ये पाच-सहा दिवस असाल तर आधीचे दिवस चांगल्या तीन किंवा चार ताऱ्यांच्या हॉटेलात काढा. लूव्र, व्हर्सायचा राजवाडा, आयफेल टॉवर, सगळी पायपीट तेव्हाच उरकून घ्या. शेवटच्या दोन रात्री मोठ्या हॉटेलात, आणि त्या दोन दिवसांत बाहेरचं फार काही ठरवू नका. जाताच दोन रात्री तिथे राहून मग स्वस्त हॉटेलात गेलात, तर पुढचे चार दिवस प्रत्येक टॉवेलकडे बघून उसासे टाकाल. आणि एकच रात्र नको. दुपारी तीनला खोली मिळते, दुसऱ्या दिवशी बाराला सोडायची, त्यात झोपेचे तास वजा केले की हातात काय उरतं?

महाग काळ कोणते, तर फॅशन वीक (फेब्रुवारी अखेर ते मार्चची सुरुवात, आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात), मे अखेर ते जूनमधली रोलाँ गारोस टेनिस स्पर्धा, आणि नाताळ ते नववर्ष. जानेवारीचा पूर्वार्ध आणि फेब्रुवारीचा बराचसा भाग स्वस्त, पण थंडी बोचरी. ऑगस्टमध्ये पॅरिसकर स्वतःच सुट्टीवर जातात, काही चांगली रेस्टॉरंटं बंद असतात. दर मात्र त्यामानाने बरे मिळतात.

राहणं खरंच परवडत नसेल तर एक मधला मार्गही आहे. यांतल्या बहुतेक हॉटेलांत दुपारचा चहा किंवा संध्याकाळचं एखादं पेय घ्यायला बाहेरचे लोक जाऊ शकतात. रिट्झच्या ‘सालाँ प्रूस्त’ या दालनातला चहा आगाऊ टेबल राखून घेता येतो. माणशी काही हजार रुपये जातील, पण दोन तास निवांत बसून सगळा थाट बघता येईल.

३. बुकिंग आणि व्हिसा

फ्रान्ससह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला राहण्याचा पुरावा लागतो. म्हणून रद्द करता येणारा दरच घ्या, परतावा नसलेल्या स्वस्त दराच्या मोहात पडू नका. व्हिसा हातात पडला की वाटल्यास बदला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावाच लागतो. व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएसच्या मुंबई-पुण्यातल्या केंद्रांत उन्हाळ्याच्या तारखा फार लवकर संपतात. मोठ्यांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो, प्रवासविम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे विमानतळावर थोडा जास्त वेळ धरा.

बुकिंग कुठून करायचं? इतक्या वरच्या दर्जाच्या हॉटेलात दराचा फरक फारसा नसतो, जोडीला काय मिळतं त्यात फरक असतो. अमेरिकन एक्स्प्रेसचं (ॲमेक्स) प्लॅटिनम कार्ड असणाऱ्यांना त्यांच्या ‘फाइन हॉटेल्स अँड रिझॉर्ट्स’ योजनेतून दोघांचा नाश्ता, १०० डॉलरची सवलत आणि दुपारी चारपर्यंत खोली ठेवण्याची हमी मिळते. ‘व्हर्चुओसो’ या जाळ्यातल्या ट्रॅव्हल एजंटकडूनही जवळपास असेच फायदे मिळतात, आणि मुंबई-पुण्यात असे एजंट आहेत. नाश्ता माणशी ५०-६० युरोचा असतो हे लक्षात घेतलं की फुकट नाश्त्याची किंमत कळेल.

चौघांच्या कुटुंबाने खोलीत किती माणसं चालतात ते आधी विचारून घ्यावं. ‘मुलं खाली झोपतील’ हे इथे चालत नाही. खोलीची क्षमता आगीच्या नियमांनी बांधलेली असते. आतून दार असलेल्या जोडखोल्या मागा आणि ‘जोडखोली नक्की’ असं लेखी घ्या. नुसती विनंती नोंदवली असेल तर ती ऐनवेळी हवेत विरते.

४. कॉन्सियर्जला आधी मेल करा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. कॉन्सियर्ज म्हणजे पाहुण्यांची हरतऱ्हेची कामं करून देणारा लॉबीतला तो माणूस ज्याच्या कोटाच्या दोन्ही कॉलरवर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्या असतात. ती ‘क्ले दॉर’ संघटनेची खूण. ही संघटना १९२९ मध्ये पॅरिसमध्येच सुरू झाली. वर्षानुवर्षं नोकरी केल्याशिवाय त्या किल्ल्या लावायला मिळत नाहीत. म्हणजे तुमच्यासमोर उभा असलेला माणूस शहरातला कुठला शेफ कुणाचं ऐकतो ते जाणतो.

पोचण्याच्या दोन-तीन आठवडे आधी साध्या इंग्रजीत मेल पाठवा. फ्रेंच येत नाही म्हणून अडत नाही. त्यात एवढं असू द्या: विमान कधी उतरतं, किती माणसं आणि कोणत्या वयाची, कुणाला जिने चढवत नाहीत का, खाण्याचे नियम काय, कशाचं निमित्त आहे, आणि कोणती खोली आवडेल. खोलीबद्दल ‘चांगली द्या’ असं लिहून उपयोग नाही. ‘वरचा मजला, लिफ्टपासून दूर, शांत’ किंवा ‘रस्त्याकडची, आवाज चालेल’ असं लिहा. अंगणाकडच्या खोल्या शांत असतात, रस्त्याकडच्या देखण्या. दोन्ही एकत्र क्वचितच मिळतं.

निमित्त जरूर कळवा. आईची एकसष्टी आहे असं लिहिलंत तर खोलीत फुलं, छोटा केक किंवा हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसण्याची शक्यता बरीच. खोटं निमित्त मात्र सांगू नका. पासपोर्टवर जन्मतारीख असते आणि चेक-इनला पासपोर्टच दाखवायचा असतो.

जेवणाची टेबलं, संग्रहालयांची तिकिटं, गाडी, सगळं याच मेलमध्ये मागा. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्साय सोमवारी. तारखा देताना हे ध्यानात ठेवा. कॉन्सियर्ज या कामाचे वेगळे पैसे घेत नाही. तिथे असतानाही त्याला कामाला लावा. चष्म्याची दांडी तुटली, रविवारी उघडं औषधांचं दुकान हवं, पाऊस आला आणि छत्री नाही, साडीला पिन हवी, बाबांच्या बुटाचा तळ सुटला. हे सगळं त्याचंच काम. आपल्याकडची माणसं गुपचूप गूगलवर दुकान शोधत बसतात आणि तो बिचारा काउंटरवर रिकामा उभा असतो.

५. कार्ड आणि पैसे

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवी कार्डं परदेशात वापरण्यासाठी बंदच असतात. बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार चालू करा आणि मर्यादा वाढवून ठेवा. चेक-इनच्या वेळी हॉटेल कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतं, खोलीभाड्याखेरीज रोजचे काहीशे युरो. ती खर्च झालेली नसते, पण तेवढी मर्यादा अडकते. म्हणून यासाठी क्रेडिट कार्डच द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर पैसे अडकले की सुटून परत यायला कधी कधी आठवडे लागतात आणि तोवर तुमच्याच खात्यातले पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. शिवाय पाच-दहा युरोच्या थोड्या नोटा टिपसाठी सोबत हव्यात.

६. बॅगेत काय, काय नाही

चकल्या, चिवडा, बाकरवडी, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे, म्हणून तूप, पेढे, खव्याचं काहीही घरीच ठेवा. हापूसही नाही. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. केळी, अननस, नारळ यांसारख्या मोजक्या फळांना सूट आहे, आंब्याला नाही.

प्लगचा ॲडॉप्टर लागेल. आपला तीन जाड पायांचा प्लग तिथे बसत नाही, दोन पायांचा चार्जर मात्र बऱ्याचदा बसतो. ॲडॉप्टर विसरलात तर विकत घेऊ नका, रिसेप्शनवर मागा. इस्त्रीचंही तसंच. खोलीत विजेची शेगडी किंवा भातासाठीचा कुकर लावण्याचा विचार मनातही आणू नका. धूर ओळखणारी यंत्रं फार तिखट असतात, फोडणीच्या मोहरीपायी अख्खं हॉटेल रस्त्यावर येईल.

कपडे? दिवसा नीटनेटके असले की झालं, बुटांना कुणी हसत नाही. रात्रीच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये पुरुषांना कोट अपेक्षित असू शकतो, आधी विचारा. बायकांना एक चांगली साडी असली की दुसरं काही लागत नाही. आणि पैठणीकडे पॅरिसमध्ये माना वळतात, हे खरं आहे.

७. पोचण्याचा दिवस

मुंबईहून रात्री निघालेलं विमान सकाळी शार्ल द गोल विमानतळावर उतरतं. बाहेर पडताना ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्या कुणाकडेही बघू नका, थेट अधिकृत टॅक्सीच्या रांगेत जा. शहराचं भाडं ठरलेलं आहे: सीनच्या उजव्या तीराला ५६ युरो, डाव्या तीराला ६५ (२०२५ चे दर). चार जणांपर्यंत तेवढंच, बॅगांचे वेगळे पैसे नाहीत. हॉटेलची गाडी मागवली तर ती कित्येक पट महाग पडते. आरईआर बी लोकल बरीच स्वस्त, पण मोठ्या बॅगा घेऊन तिचे जिने चढणं-उतरणं काही खरं नाही.

दारात टॅक्सी थांबली की गणवेशातली माणसं पुढे येतात, दार उघडतात, डिकीतून बॅगा काढतात. इथे आपला हात आपोआप बॅगेच्या दांड्याकडे जातो. जाऊ देऊ नका. बॅगा त्यांच्याकडे सोपवा, पर्स आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा आणि आत चला. बॅगा खोलीत येतात, थोड्या उशिराने.

तुम्ही सकाळी नऊला पोचलात आणि खोली तीनला मिळणार. घाबरू नका. चेक-इनची कागदपत्रं तेव्हाच उरकता येतात, बॅगा ठेवता येतात, आणि स्पा किंवा जिममध्ये अंघोळ करून कपडे बदलता येतात. फक्त विचारावं लागतं. लवकर खोली मिळालीच तर ती मेहेरबानी समजा. नक्की हवी असेल तर आदल्या रात्रीचं भाडं भरावं लागतं. परदेशी पाहुण्यांकडून पोलिसांसाठीचा एक अर्ज भरून घेतात, नाव, जन्मतारीख, पत्ता वगैरेचा. तो कायद्याचा भाग आहे, तुमच्यावर संशय नाही.

मग कुणीतरी तुम्हाला खोलीपर्यंत घेऊन जाईल आणि दिवे, पडदे, तिजोरी, एसी कसं चालतं ते दाखवेल. ‘हो हो, कळतंय’ म्हणून त्याला वाटेला लावू नका. पलंगाशेजारच्या एका पाटीवर दहा-बारा बटणं असतात आणि रात्री दोन वाजता न्हाणीघरातला शेवटचा दिवा कुठून बंद करायचा हे कोडं भल्याभल्यांना सुटत नाही. तेव्हाच प्रत्येक बटण दाबून बघा.

खोली पसंत नसेल तर याच क्षणी, बॅग उघडायच्या आधी सांगा. ‘दुसरी खोली बघायला मिळेल का?’ एवढंच, शांतपणे. दुसरी असेल तर देतात. रात्रभर तळमळून सकाळी तक्रार केली तर सगळ्यांनाच अवघड होतं.

८. खोलीतलं जग

सर्वांत आधी न्हाणीघर. आपल्याकडे न्हाणीघराची सगळी जमीन ओली झाली तरी पाणी जाळीतून निघून जातं. तिथे तशी जाळी नसते. संगमरवरी जमीन पूर्ण कोरडी राहील असंच धरलेलं असतं. टबवरच्या शॉवरला कित्येकदा अर्धीच काच असते, तिच्या उघड्या बाजूला शॉवर वळवून जोरात पाणी सोडलं की ते थेट गालिच्यापर्यंत वाहत येतं आणि खालच्या मजल्यावरच्या छताला डाग पडतो. शॉवर आधी भिंतीकडे वळवा, मग नळ उघडा. हातात धरायचा शॉवर असेल तर टबमध्ये खाली बसून अंघोळ करणं सर्वांत सुरक्षित. म्हाताऱ्या माणसांना तर हेच सांगा. बाहेर पायाखाली घालायचा जाड टॉवेल वेगळा असतो, टबच्या कडेवर घडी करून ठेवलेला.

शौचालय बऱ्याच ठिकाणी वेगळ्या दाराआड असतं. जेट स्प्रे जवळपास नसतोच. नूतनीकरण झालेल्या काही हॉटेलांत जपानी पद्धतीचं, पाण्याची सोय असलेलं कमोड असतं. हे महत्त्वाचं वाटत असेल तर मेलमध्येच विचारा, लाजायचं काही नाही; भारत आणि आखातातले पाहुणे त्यांना नवीन नाहीत.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. खोलीतल्या बाटल्या बहुधा फुकट, पण मिनिबारच्या फ्रिजमधल्या बाटल्या फुकट असतीलच असं नाही. काही फ्रिजमध्ये वस्तू उचलली की आपोआप बिलात चढते, म्हणून आपलं औषध किंवा दही ठेवायला तिथली बाटली हलवू नका. वेगळा रिकामा फ्रिज मागा, देतात. चहाची किटली नसेल तर तीही मागा. रात्री अकराला उकळतं पाणी आणि तीन कप मागवणं यात काहीच वावगं नाही.

संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान दुसऱ्यांदा कुणीतरी येऊन खोली रात्रीसाठी लावून जातं: पडदे ओढलेले, पलंगाची एक कड दुमडलेली, खाली पांढऱ्या कापडावर सपाता, उशाशी पाणी आणि चॉकलेट. तेव्हा खोलीत असलात तर ‘नको’ म्हणायची घाई करू नका. आणि हाऊसकीपिंगची बाई यायच्या आत चादरींच्या घड्या घालून ठेवणाऱ्या, कप विसळून ठेवणाऱ्या आपल्याकडच्या काकू-मावश्यांना कुणीतरी सांगा की इथे पसारा आवरायचा नसतो. मौल्यवान वस्तू तेवढ्या तिजोरीत.

सपाता, साबण, शाम्पू घरी न्यायला हरकत नाही. अंगावर घालायचा जाड पांढरा झगा नेलात तर त्याचे पैसे कार्डावर लागतात. बूट पॉलिश अनेक ठिकाणी मोफत होतं, रात्री पिशवीत घालून ठेवायचे आणि फोन करायचा. कपडे धुण्याचे दर नगावर असतात आणि एका शर्टाच्या धुलाईत आपल्याकडे नवा शर्ट येईल.

९. नाश्ता, आणि शाकाहाराचा प्रश्न

नाश्ता दरात नसेल तर रोज खाली उतरू नका. कोपऱ्यावरच्या बुलाँजरीत, म्हणजे बेकरीत, दीड-दोन युरोत उत्तम क्रोसाँ मिळतो आणि हातात कागदी पिशवी घेऊन लॉबीतून परत आलात तरी कुणी भुवया उंचावत नाही. पण एक सकाळ तरी हॉटेलचा नाश्ता घ्या, आणि दोन तास काढून घ्या. टेबलावर विणलेल्या टोपलीत क्रोसाँ, चॉकलेट घातलेला पाव, सफरचंदाची पुडी येते. लोण्याचा गोळा, बोटभर उंचीच्या बरण्यांत मुरंबे. पाव ताटलीत न ठेवता थेट टेबलक्लॉथवर ठेवायची तिथे रीत आहे, तुकडे पडले की वेटर येऊन खरवडून नेतो. फळांचा रस ताजा हवा असेल तर तसं सांगा.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. तिथे त्यात अंडं येतं, कधी कधी मासेही चालतात असा समज असतो. सुपाचा आधार मांसाचा रस असू शकतो, मूसमध्ये जिलेटिन, चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट. अंडं न खाणाऱ्यांनी क्रोसाँही जपून घ्यावा, वरची चकाकी बहुधा अंड्याचीच असते. यावरचा सोपा उपाय: कॉन्सियर्जकडून फ्रेंचमध्ये चार ओळींचं कार्ड लिहून घ्या. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचा रस नाही, जिलेटिन नाही. जैन असाल तर कांदा-लसूणही. शहरभर प्रत्येक रेस्टॉरंटमध्ये तेच पुढे करा. हॉटेलच्या स्वयंपाकघराला एक दिवस आधी कळवलं तर ते खुशीने वेगळं बनवतात. ऐनवेळी सांगितलं तर उकडलेल्या भाज्यांची ताटली येते आणि बिल मात्र पूर्ण येतं.

चार दिवसांनी जीव सांबार-भातासाठी कासावीस झाला की गार द्यु नॉर स्टेशनच्या वर, ला शापेल भागात जा. श्रीलंकन तमिळ लोकांची वस्ती, इडली-डोशाची दुकानं, आणि र्यू पाजोल या रस्त्यावर गणपतीचं देऊळ. ऑगस्ट अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथल्या गणपतीची रथयात्रा निघते आणि पॅरिसच्या रस्त्यावर नारळांचा खच पडतो. त्या आठवड्यात तिथे असाल तर संग्रहालय सोडा आणि हे बघा.

१०. टिप

फ्रान्समध्ये रेस्टॉरंटच्या दरातच सेवा धरलेली असते, त्यामुळे अमेरिकेसारखे वीस टक्के कुणी मागत नाही. हॉटेलात साधारण रीत अशी: बॅगा आणणाऱ्याला बॅगेमागे दोन-तीन युरो, हाऊसकीपिंगसाठी रोज पाचेक युरो उशीवर किंवा टेबलावर, टॅक्सी बोलावणाऱ्या दरवानाला एक-दोन, आणि कॉन्सियर्जने अशक्य टेबल मिळवून दिलं असेल तर निघताना पाकिटात दहा-वीस. खोली दाखवणाऱ्या रिसेप्शनवाल्याला काही द्यायचं नसतं. न दिल्याने सेवा बिघडत नाही.

११. बोलणं-चालणं

कुठल्याही माणसाशी काम सांगायच्या आधी ‘बोंझूर’ (नमस्कार) म्हणा, संध्याकाळी ‘बोंस्वार’. हे विसरून थेट ‘एक्स्क्यूज मी, वायफाय?’ म्हणालात की समोरचा चेहरा थंड पडतो, आणि मग आपण ‘फ्रेंच लोक शिष्ट असतात’ म्हणत घरी येतो. लिफ्टमध्ये शिरतानाही बोंझूर. लॉबीत स्पीकरवर व्हिडिओ कॉल नको. नातवाला झुंबर दाखवायचंच असेल तर खोलीत जाऊन दाखवा. इतर पाहुण्यांचे फोटो काढू नका, त्यांतल्या काहींनी ओळख लपवण्यासाठीच एवढे पैसे मोजलेले असतात. पॅरिसमधला भाचा भेटायला आला तर लॉबीत किंवा बारमध्ये खुशाल बसवा. रात्री खोलीत मुक्कामाला ठेवू नका.

१२. निघताना

आदल्या संध्याकाळीच बिलाचा कागद मागा. ओळ न् ओळ वाचा. मिनिबारमधलं न घेतलेलं काही चढलं असेल तर सांगा, बहुधा काहीही न विचारता काढून टाकतात. पैसे भरताना मशीन विचारेल: युरोत की रुपयांत? युरोच निवडा. रुपयांत दाखवलेला दर नेहमीच वाढवलेला असतो. तुमच्या बँकेची फी लागते ती वेगळी, बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि त्यावर जीएसटी.

रात्रीचं विमान असेल तर बाराला खोली सोडून बॅगा तिथेच ठेवा. संध्याकाळपर्यंत हॉटेल तुमचंच; लॉबीत बसा, जाण्याआधी पुन्हा स्पामध्ये अंघोळ करता येईल का विचारा. खरेदी केली असेल तर एकाच दुकानातल्या १०० युरोवरच्या बिलावर व्हॅट परत मिळतो, पण त्याचा कागद दुकानातच पासपोर्ट दाखवून करून घ्यावा लागतो. विमानतळावर बॅगा आत पाठवायच्या आधी ‘पाब्लो’ नावाच्या यंत्रावर तो स्कॅन करा. वस्तू हाताशी ठेवा, कस्टमवाले बघायला मागू शकतात. हॉटेलच्या बिलावरचा व्हॅट मात्र परत मिळत नाही. आणि घरी आल्यावर महिनाभर कार्डाच्या स्टेटमेंटवर लक्ष ठेवा. अडवलेली रक्कम सुटली नसेल तर हॉटेलच्या हिशेब विभागाला बिलाच्या क्रमांकासह मेल टाका.